फॅमिलीसर्च: नळदुर्गात बसून मिटफर्ड घराण्याचा माग काढताना

फॅमिलीसर्च ही वंशावळ शोधायची सेवा फुकट आहे आणि पैसे भरून घेतलेल्या सेवेपेक्षा मला ती जास्त कामाला आली. तिच्यात एका बाजूला जुन्या नोंदी आहेत, दुसऱ्या बाजूला जगभरच्या लोकांनी मिळून रचलेला वंशवृक्ष आहे. नोंदींना मी पैकीच्या पैकी मार्क देईन. वंशवृक्षाचं तसं नाही. तिथं कागद मागायची सवय नसेल तर माणूस दुसऱ्याचाच पणजोबा आपल्या अंगणात आणून बसवतो.

मी नळदुर्गला आपले सरकार सेवा केंद्र चालवते. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हापासून माझ्या टेबलावर वंशावळीच वंशावळी. खासरा पत्रक, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, निजामाच्या काळातला उर्दू कागद, त्याच्याही मागं मोडी. आजोबाचं नाव एका कागदात तुकाराम, दुसऱ्यात तुका, तिसऱ्यात नुसतं तुक्या. आणि तिन्ही एकच माणूस हे साहेबांना पटवून द्यायचं. नातं तोंडानं सांगून भागत नाही, प्रत्येक पिढीला कागद लागतो. इंग्रजांच्या घराण्याचा शोधही मी याच नजरेनं घेतला, म्हणून हे परीक्षण कुणाला कडक वाटलं तर वाटू द्या.

शोध कुणाचा, तर फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकारी-कादंबरीकारांच्या आईच्या माहेरचा. १८५३ च्या तहात निजामानं वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आमचा हा पट्टा इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलर साहेबांकडं आला. पुढं १८६० च्या तहानं जिल्हा पुन्हा निजामाकडं गेला. त्यांची 'तारा' ही कादंबरी तुळजापुरात सुरू होते. किल्ला बघायला येणारी माणसं पाणीमहाल बघतात, उपळी बुरुजावर चढतात आणि खाली उतरून विचारतात, हा टेलर कोण, कुठला. कुठला याचं उत्तर पुस्तकात एका ओळीत मिळतं: १८०८ चा जन्म, गाव लिव्हरपूल, वडील व्यापारी, आई जेन होनोरिया अलिशिया ही नॉर्थम्बरलंडमधल्या मिटफर्ड कॅसलच्या बर्ट्रम मिटफर्डची मुलगी. माझं लक्ष या शेवटच्या तुकड्यावर गेलं. किल्ल्याचं माहेर असलेली बाई व्यापाऱ्याच्या घरात, आणि तिचा मुलगा आमच्या किल्ल्यात. मधली वाट कशी होती?

फॅमिलीसर्चचं खातं उघडायला ई-मेल किंवा मोबाइल नंबर पुरतो. कार्ड मागत नाहीत. माझ्याकडं उतारे काढायला येणारे एक अप्पा हे बघून म्हणाले, "ताई, फुकट कुणी कशाला देतंय ओ? काहीतरी असंल त्याच्यात." शंका रास्त आहे, म्हणून सांगते. ही सेवा अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाची आहे. मेलेल्या पूर्वजांसाठीही धर्मविधी करता येतो अशी त्यांची श्रद्धा आहे आणि त्यासाठी पूर्वजांची नावं लागतात. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी वंशावळीची संस्था काढली, १९३८ पासून देशोदेशीच्या चर्चमधल्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. अशी सुमारे २४ लाख रिळं जमली आणि २०२१ पर्यंत ती सगळी संगणकावर आणून झाली. आपण त्यांच्या पंथातले असायची अट नाही.

आता मुख्य गोष्ट: शोध घेताना बाया सापडतात का? वंशावळीची कुठलीही सेवा मी यावरच तोलते. आपल्याकडं वंशावळीचं जे शपथपत्र करतात त्यात खापरपणजोबापासून खाली फक्त बापलेक उतरत येतात. बहिणींची नावं कुठं दिसतात, तर हक्कसोडपत्रात. म्हणजे हक्क सोडायच्या दिवशीच तेवढी त्यांची नोंद होते. आईचं माहेर शोधायचं म्हटलं तर सोयरिकीच्या आठवणींवर भिस्त. हे मी रोज टाइप करते आणि रोज मला ते खुपतं.

फॅमिलीसर्चवर यासाठी एक फार चांगली सोय आहे. शोधताना मुलाचं नाव रिकामं ठेवायचं आणि फक्त आईबापाची नावं टाकायची. त्या जोडप्याची बाप्तिस्म्याची नोंद झालेली सगळी लेकरं एकाखाली एक येतात. मुलीही येतात, लहानपणी गेलेलीही येतात. स्पेलिंगची खात्री नसेल तर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह (?) किंवा ताऱ्याचं चिन्ह (*) टाकलं तरी चालतं. बाईचं लग्नानंतरचं आडनाव माहीत नसेल तर ते सोडून द्यायचं, नवऱ्याचं पहिलं नाव आणि गाव टाकायचं. आमच्या तहसीलच्या ऑनलाइन शोधात अशी सोय असती तर माझं निम्मं काम हलकं झालं असतं.

इंग्लंडात चर्चच्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन. पण बऱ्याच वह्यांत बाप्तिस्म्याला बापाचं पूर्ण नाव आणि आईचं फक्त पहिलं नाव असतं: अमक्याची मुलगी, आई जेन. कुठली जेन? इथं मिटफर्डचा मुलूख नशीबवान निघाला. तो तेव्हा डरहॅमच्या बिशपच्या अखत्यारीत होता आणि बिशप शूट बॅरिंग्टन यांनी १७९८ पासून वह्यांचा नवा नमुना लावला. त्यात जन्माची तारीख वेगळी, बाप्तिस्म्याची वेगळी, मूल कितवं, बापाचा धंदा आणि मूळ गाव, आणि आईचं माहेरचं आडनाव व तिचं मूळ गाव. १८१२ पर्यंत हे चाललं. १८१३ पासून सगळ्या देशाला छापील वही आली आणि त्या रकान्यांतून आईचं माहेर पुन्हा गायब झालं. चौदा-पंधरा वर्षांचा हा तुकडा मी बघितला तेव्हा मला त्या बिशपबद्दल मनापासून आदर वाटला. माझ्या कोतवाल बुकांत एक तरी असा रकाना असता!

ही माहिती मला मिळाली ती शोधाच्या खिडकीत नाही, फॅमिलीसर्चच्या विकीत. बहुतेक लोक तिकडं जातच नाहीत. इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीचं पान, त्यात प्रत्येक चर्चचं पान. वह्या कुठल्या सालापासून आहेत, मूळ प्रत कुठं आहे, बिशपकडं पाठवलेली नक्कल कुठं आहे, कुठला भाग ऑनलाइन आहे. मिटफर्डचं चर्च सेंट मेरी मॅग्डलीनचं, मॉरपेथजवळ वॉन्सबेक नदीकाठी. आधी अर्धा तास विकी वाचा, मग नाव टाका. उलटं केलं की पडद्यावर हजारभर मिटफर्ड येतात आणि माणूस गडबडतो.

नोंदींच्या चित्रांबाबत एक गोष्ट माहीत असू द्या. काही चित्रं घरबसल्या उघडतात. काहींवर किल्लीचं चिन्ह असतं. ती त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयातच बघता येतात, कारण मूळ वहीच्या मालकाशी तसा करार असतो. अशा वेळी हाती येते ती फक्त सूची, म्हणजे कुणीतरी वाचून टाइप केलेली ओळ. सूचीला मी पुरावा मानत नाही. ती पुराव्याचा पत्ता आहे.

आता वंशवृक्षाबद्दल. फॅमिलीसर्चवर जगाचा मिळून एकच वंशवृक्ष आहे. कुणीही खातेदार त्यात माणूस जोडू शकतो, दोन माणसं एकत्र करू शकतो, नातं बदलू शकतो. मिटफर्डांसारख्या घराण्यात याचा काय परिणाम होतो बघा. बर्ट्रम हे नाव पिढ्यान्‌पिढ्या आहे. टेलर साहेबांचे आजोबा बर्ट्रम. झुलूलँडवर कादंबऱ्या लिहिणारे, १८५५ ते १९१४ चे बर्ट्रम मिटफर्ड याच घराण्यातले. लॉर्ड रीड्सडेल झालेले ॲल्जर्नन बर्ट्रम वेगळेच. साल न बघता दोन बर्ट्रम एकत्र केले की दोन्हींची लेकरं एका घरात. म्हणून प्रत्येक माणसाच्या पानावर आधी 'सोर्सेस' हा भाग उघडा. तिथं चर्चची नोंद, जनगणना, मृत्युपत्र असं काही असेल तर पुढं जा. दुसऱ्याच कुणाच्या तरी वंशवृक्षाचा हवाला असेल तर थांबा.

फार मागच्या पिढ्यांवर तर बिलकूल भरवसा ठेवू नका. घराण्याची परंपरा सांगते की १०६६ मध्ये फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंड जिंकायला यायच्या आधीपासून मिटफर्ड तिथलेच, आणि सर जॉन डी मिटफर्डच्या सिबिला या मुलीनं रिचर्ड बर्ट्रम या नॉर्मन सरदाराशी लग्न केलं. जॉन बर्क यांनी १८३३ पासून जमीनदार घराण्यांच्या वंशावळी छापायला सुरुवात केली, त्यात अशा कहाण्या भरपूर आहेत. माहिती घराण्यांनीच पुरवलेली. पुढं होरेस राउंड या इतिहासकारांनी अशा कितीतरी नॉर्मन मूळपुरुषांची कागद मागून मागून वाट लावली. सिबिलाच्या लग्नाचा त्या काळचा कागद मला कुठं सापडला नाही, म्हणून माझ्या वहीत ती पेन्सिलीनंच आहे. बर्कचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. १७ व्या शतकापुढच्या पिढ्यांसाठी ते उपयोगी आहेत.

खाली उतरत येणारी वंशावळ, म्हणजे वंशज शोधणं, मला पूर्वज शोधण्यापेक्षा अवघड गेलं. इंग्रज जमीनदारांत वाडा आणि जमीन थोरल्याला. धाकट्यांनी वकिली, चर्च, फौज, व्यापार, नाहीतर समुद्रापार. थोरल्याचा माग सोपा असतो कारण तो जागचा हलत नाही. धाकटे पसरतात आणि कधी कधी आडनावही बदलतात. मिटफर्डांची एक धाकटी पाती हॅम्पशायरमधल्या एक्सबरीची. त्यातले जॉन मिटफर्ड वकील, पार्लमेंटचे स्पीकर आणि १८०२ मध्ये लॉर्ड रीड्सडेल झाले. १८०९ मध्ये फ्रीमन नावाच्या नातेवाइकांची इस्टेट मिळाली म्हणून राजाच्या परवानगीनं ते फ्रीमन-मिटफर्ड झाले. आपल्याकडं दत्तक गेल्यावर आडनाव बदलतं तसंच. त्यांचा मुलगा बिनलग्नाचा वारला, इस्टेट ॲल्जर्नन बर्ट्रमकडं आली, १९०२ मध्ये त्यांना नव्यानं तीच पदवी मिळाली, आणि विसाव्या शतकात गाजलेल्या नॅन्सी, डायना, युनिटी, जेसिका वगैरे सहा मिटफर्ड बहिणी त्यांच्या नाती. नळदुर्गच्या टेलर साहेबांच्या आईचं घराणं आणि या बहिणींचं घराणं मुळात एक. हे मी आमच्याकडं सांगते तेव्हा कॉलेजातल्या पोरी पहिल्यांदा मान वर करून ऐकतात.

कॅसलच्या मूळ पातीतले एडवर्ड लेडविच मिटफर्ड १८३९ मध्ये लेयार्ड या पुढं प्रसिद्ध झालेल्या संशोधकाबरोबर सिलोनला जायला म्हणून खुष्कीच्या वाटेनं निघाले. लेयार्ड इराणातच मागं राहिले. मिटफर्ड हिंदुस्थानातून उतरत सिलोनला पोचले आणि १९१२ पर्यंत जगले. जन्म १८११ चा, म्हणजे शंभरी गाठली.

आडनाव शोधात हरवलं तर मधल्या नावाकडं बघा, हा माझा सगळ्यात कामाला आलेला मंत्र. इंग्रजांच्या मधल्या नावात बऱ्याचदा आजीचं माहेर जपलेलं असतं. 'मेडोज' हे तसंच आलेलं. नॉर्विचचे महापौर फिलिप मेडोज यांची मुलगी मार्गारेट टेलरांच्या घरात दिली, तिची बहीण सारा मार्टिनोंच्या घरात. म्हणून लेखिका हॅरिएट मार्टिनो टेलरांच्या नात्यात येतात. नॉर्विचचे टेलर सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथाचे होते, त्यामुळं त्यांचे जन्म गावच्या चर्चच्या वहीत शोधून उपयोग नाही. अशा कुटुंबांसाठी लंडनच्या डॉक्टर विल्यम्स ग्रंथालयात वेगळी जन्मनोंदणी होती आणि ती आता राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १ जुलै १८३७ नंतरच्या जन्मासाठी जनरल रजिस्टर ऑफिसची सूची वापरा. तिच्या नव्या ऑनलाइन रूपात पहिल्या वर्षापासून आईचं माहेरचं आडनाव दिलंय; जुन्या छापील सूचीत ते १९११ नंतरच येत होतं.

हिंदुस्थानातल्या भागासाठी फॅमिलीसर्चच्या जोडीला फिबिस घ्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणारी ही संस्था, तिची सूची फुकट शोधता येते आणि विकी उत्तम आहे. मराठवाड्यातल्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं: आपण मुंबई इलाख्याच्या नोंदींकडं धावतो, पण हैदराबाद संस्थानातल्या इंग्रज छावण्यांची लग्नं आणि बाप्तिस्मे बहुतेक मद्रास इलाख्याच्या चर्च नोंदींत सापडतात, कारण तिथली फौज आणि पाद्री मद्रासकडचे. शिवाय टेलर साहेब ईस्ट इंडिया कंपनीचे नव्हे, निजामाच्या फौजेचे अधिकारी. कंपनीच्या कॅडेट, म्हणजे नव्यानं भरती होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, कागदांत त्यांना शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि इथंच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. टेलर पंधराव्या वर्षी मुंबईला एका व्यापाऱ्याकडं कारकून म्हणून आले. त्या व्यापाऱ्याचं बस्तान बिघडलेलं. मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे टेलर यांच्या आईचे नातेवाईक. त्यांच्या शब्दावर १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि पोरगा औरंगाबादला रुजू झाला. बापाच्या वंशावळीत हे नातं दिसणारच नाही. लग्नाचंही तसंच. बायको मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. विल्यम यांचे वडील जनरल पामर, जे १७९८ ते १८०१ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे वकील, होते, आणि आई फैज बख्श बेगम. या बेगमचं आपल्या नवऱ्यालेकरांबरोबरचं तैलचित्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे टेलरांच्या मुलींच्या अंगात एकीकडून नॉर्थम्बरलंडचे मिटफर्ड आणि दुसरीकडून मोगलाईतली बेगम, आणि दोन्ही नाती बायांकडून आलेली.

पैसे घेणाऱ्या एका साइटचाही अनुभव घेतला, नाव लिहीत नाही. चाचणी फुकट म्हणून कार्ड घेतलं, रद्द करायचं बटन चार पानं आत ठेवलं आणि मुदत संपताच वर्षाचे पैसे पौंडांत कापले. बँकेत खेटे घालून अर्धे परत आले. कार्ड द्यायचंच असेल तर ऑनलाइन खरेदीची मर्यादा आधी बँकेच्या ॲपमधून खाली आणा.

खर्च करायचाच झाला तर वर्षाच्या वर्गणीवर करू नका. फुकटच्या सूचीवरून नोंदीचा नेमका पत्ता काढा: चर्च, साल, पान. मग त्या एका नोंदीची किंवा मृत्युपत्राची प्रत संबंधित अभिलेखागाराकडून मागवा. मृत्युपत्र आधी. इंग्रज जमीनदारांच्या मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट येतात, कारण त्यांना काहीतरी दिलेलं असतं. मोबाइलवर जुनं अक्षर लागत नाही, लॅपटॉप घ्या. आमच्याकडं दुपारी वीज जाते, म्हणून मी सकाळी आठच्या आत बसते.